जबड्याच्या सांध्याचे मॉडेल: शिकवण्याच्या दृष्टीने एक परीक्षण

जबड्याच्या सांध्याचे मॉडेल विकत घ्यायचे तर कोणते घ्यावे, हा प्रश्न दंतवैद्यक आणि फिजिओथेरपी शिकवणाऱ्यांना नव्या तुकडीबरोबर पुन्हा पुन्हा पडतो. आमच्या शरीररचनाशास्त्र विभागासाठी यंदा मरीन लाइन्सजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरील एका दुकानातून असे एक मॉडेल घेतले. शस्त्रक्रियेची उपकरणे आणि महाविद्यालयांना लागणारे साहित्य विकणारे हे दुकान आहे. मॉडेल वर्गात आणि सहकाऱ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात पुरेसे हाताळून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. ते मूळ आकाराचे, फक्त उजव्या बाजूचे आहे. कानशिलाचे हाड म्हणजे टेम्पोरल बोन, गालाच्या हाडाची कमान, कवटीच्या तळातील स्फेनॉइड हाडाचा लगतचा भाग, खालच्या जबड्याची उजवी अर्धी बाजू, सांध्यामधली गादी म्हणजे डिस्क, आणि स्नायू व अस्थिबंध दाखवण्यासाठी लावलेल्या रबरी आणि कापडी पट्ट्या एवढे त्यात येते. करासह किंमत सहा हजार रुपयांच्या आसपास पडली.

ही किंमत योग्य आहे की नाही, हे ठरवण्याआधी मॉडेलकडून नेमके काय हवे ते स्पष्ट केले पाहिजे. बहुतेक महाविद्यालयांत जी प्लास्टिकची कवटी असते, तिचा खालचा जबडा दोन्ही बाजूंना स्प्रिंगने अडकवलेला असतो. दात उघडतात, मिटतात, आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मनाशी पक्के करतो की जबडा बिजागरीच्या सांध्यावर चालतो. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागातच या सांध्याचे सगळे वेगळेपण आणि बरेचसे आजार आहेत. तोंड उघडताना खालच्या जबड्याचा कॉन्डाइल, म्हणजे त्याचे गोलसर लांबट डोके, आधी जागच्या जागी फिरते आणि मग कानशिलाच्या हाडातील खोबणीतून बाहेर पडून पुढे व खाली सरकते. दार उघडता उघडता त्याची बिजागरीच चौकटीवरून पुढे जावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून माझ्या दृष्टीने अशा मॉडेलची कसोटी एकच: कॉन्डाइल फिरतो, सरकतो आणि सरकताना डिस्कला बरोबर घेऊन जातो, हे हाताने करून दाखवता येते का?

हाडांचे काम चांगले झाले आहे. प्रौढ माणसात कॉन्डाइल आतून बाहेर साधारण १५ ते २० मिलिमीटर रुंद आणि पुढून मागे ८ ते १० मिलिमीटर जाड असतो. व्हर्नियर कॅलिपर लावून पाहिले तेव्हा या मॉडेलात ही मापे १८ आणि ९ भरली. त्याहून समाधानाची गोष्ट म्हणजे कॉन्डाइलचा कल बरोबर दाखवला आहे. दोन्ही बाजूंच्या कॉन्डाइलचे आडवे अक्ष एका सरळ रेषेत नसतात. ते आतल्या बाजूने किंचित मागे झुकलेले असतात आणि तसेच लांबवले तर कवटीच्या तळाशी, फोरामेन मॅग्नम या मोठ्या छिद्राच्या पुढच्या कडेजवळ एकमेकांना मिळतात. स्वस्त मॉडेलांत कॉन्डाइल नुसता गोल गोळा केलेला असतो आणि हा कल हरवतो. मग एक्स-रे किंवा सीटी स्कॅन वाचताना तो तिरपा का दिसतो, हे विद्यार्थ्याला कळत नाही.

वरची खोबणही काळजीपूर्वक घडवली आहे. तिच्या मागच्या भागातील भेग स्पष्ट कोरलेली असून आतल्या बाजूला पेट्रोटिम्पॅनिक फिशर वेगळी ओळखता येते, जिच्यातून जिभेच्या पुढच्या भागातील चवीची संवेदना नेणारी कॉर्डा टिम्पनी ही नस बाहेर येते. सांध्यात प्रत्यक्ष भाग घेणारा पृष्ठभाग या भेगेच्या पुढेच असतो आणि मागची पातळ टिम्पॅनिक पट्टी कानाच्या नळीची असते, ही बाब मॉडेलवर बोट ठेवून एका मिनिटात सांगता येते. पण खोबणीच्या छताच्या बाबतीत उत्पादकाने फार मोठी सवलत घेतली आहे. खऱ्या कवटीत हे छत इतके पातळ असते की कवटी उजेडासमोर धरली तर त्यातून प्रकाश दिसतो. त्याच्या वर थेट मेंदूचे आवरण आणि मेंदूचा टेम्पोरल भाग असतो. मॉडेलमध्ये तेथे पाच मिलिमीटर जाडीचे भरीव प्लास्टिक आहे. मजबुतीसाठी ते केले असेल हे समजते, परंतु त्यामुळे एक महत्त्वाचा निष्कर्ष झाकला जातो. चावताना येणारा भार हे पातळ छत पेलत नाही. तो खोबणीच्या पुढच्या उंचवट्याच्या, म्हणजे आर्टिक्युलर एमिनन्सच्या, मागच्या उतारावर पडतो आणि म्हणूनच तेथले हाड जाड असते. छत आणि उंचवटा सारख्याच जाडीचे दिसले की कॉन्डाइल खोबणीच्या खोल तळाशी टेकून काम करतो असे वाटते, आणि तसे ते नसते.

ही उणीव भरून काढायला विभागातील जुनी खरी कवटी शेजारी ठेवावी लागते. ज्या महाविद्यालयांकडे अशी कवटी नाही त्यांची मला खरोखर काळजी वाटते. एके काळी भारत जगाला मानवी सांगाडे पुरवणारा प्रमुख देश होता. १९८५ साली त्यांच्या निर्यातीवर बंदी आली, ती यायलाच हवी होती. आज मात्र नव्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा फक्त प्लास्टिकच येते, आणि म्हणून प्लास्टिकच्या मॉडेलने आपली जबाबदारी अधिक गांभीर्याने घेतली पाहिजे.

आता डिस्कविषयी, कारण हे मॉडेल घेण्याचे खरे कारण तीच आहे. कॉन्डाइल आणि खोबण यांच्यामध्ये असलेली ही गादी सांध्याचे दोन बंद कप्पे करते. खालच्या कप्प्यात, डिस्क आणि कॉन्डाइल यांच्यामध्ये, मुख्यतः फिरण्याची हालचाल होते. वरच्या कप्प्यात, डिस्क आणि टेम्पोरल हाड यांच्यामध्ये, सरकण्याची. डिस्क सगळीकडे सारखी जाड नसते. तिचा मागचा पट्टा सर्वांत जाड, साधारण तीन मिलिमीटर, पुढचा त्याहून कमी आणि मधला भाग जेमतेम एक मिलिमीटर असतो. तोंड मिटलेले असताना मागचा जाड पट्टा कॉन्डाइलच्या माथ्यावर आणि पातळ मधला भाग त्याच्या पुढच्या बाजूला, उंचवट्याच्या उतारासमोर असावा लागतो. मॉडेलमधली डिस्क मऊ पांढऱ्या सिलिकोनची आहे आणि हे तिन्ही भाग बोटांनी चाचपून कळतात. मधला भाग प्रमाणापेक्षा थोडा जाड आहे, पण त्याहून पातळ केला असता तर तो विद्यार्थ्यांच्या हातात टिकला नसता.

डिस्क कॉन्डाइलला जोडण्याची पद्धत मला सर्वांत जास्त आवडली. ती कॉन्डाइलच्या आतल्या आणि बाहेरच्या टोकांना दोन बारीक खुंट्यांनी अडकवली आहे आणि पुढून-मागून मोकळी आहे. शरीरातही ती या दोन टोकांनाच घट्ट बांधलेली असते, आणि म्हणूनच कॉन्डाइलबरोबर पुढे जातानाही ती त्याच्या माथ्यावर थोडी मागे फिरू शकते. तोंड पूर्ण उघडल्यावर कॉन्डाइल उंचवट्याच्या खाली येतो तेव्हा मधला पातळ भाग दोन्ही हाडांच्या बरोबर मध्ये राहतो, तो या मागे फिरण्यामुळेच. मॉडेलच्या जबड्याची उभी फांदी हातात धरून सावकाश पुढे खाली ओढली की हे डोळ्यांसमोर घडते. इतकी वर्षे फळ्यावर तीन आकृत्या काढून जे समजावत आले, ते एका हालचालीत दिसल्यावर वर्गात उमटलेली शांतता मी विसरणार नाही. माझ्या कसोटीवर मॉडेल या ठिकाणी पूर्ण उतरते.

डिस्कच्या मागे लाल रंगाचा, दोन थरांचा स्पंजासारखा तुकडा आहे. तो रेट्रोडिस्कल ऊतींसाठी. वरचा थर लवचीक, खालचा ताणरहित, हा फरकही दोन वेगळ्या पदार्थांनी दाखवला आहे. पांढरी डिस्क आणि लाल मागची ऊती ही रंगांची निवड अर्थपूर्ण आहे. डिस्कच्या मधल्या भागात रक्तवाहिन्या नसतात आणि नसाही नसतात, त्यामुळे तो दाबला गेला तरी दुखत नाही; मागच्या ऊतींत दोन्ही भरपूर असतात. डिस्क पुढे घसरली आणि कॉन्डाइल या मागच्या ऊतींवर दाबू लागला की वेदना सुरू होते. रुग्णाला हे दाखवताना शब्द फार लागत नाहीत.

मॉडेलसोबत दुसरी, मुद्दाम बिघडलेल्या आकाराची डिस्क दिली आहे. तिचा मागचा पट्टा फुगलेला असून ती कॉन्डाइलच्या पुढे बसते. जबडा उघडताना कॉन्डाइल त्या फुगवट्यावरून उडी मारून डिस्कखाली जातो आणि स्पष्ट ‘कट्’ असा आवाज येतो. जांभई देताना किंवा पाव-भाजीचा मोठा घास घेताना कानाजवळ आवाज होतो म्हणून घाबरून येणारे कितीतरी तरुण रुग्ण मुंबईच्या प्रत्येक दंत रुग्णालयात दिसतात. आवाज नेमका कशाचा, हे त्यांना या डिस्कने दाखवता येते आणि हाड मोडल्याची त्यांची भीती जाते. वेदना नसेल आणि तोंड नीट उघडत असेल तर नुसत्या आवाजासाठी सहसा उपचारांची गरज नसते, हेही मग पटते. या जोडीच्या डिस्कमध्ये एक त्रुटी मात्र आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा तोंड मिटतानाही, मिटण्याच्या शेवटाकडे, दुसरा हलका आवाज येतो, कारण डिस्क पुन्हा पुढे निसटते. मॉडेलमध्ये मिटताना डिस्क मुकाट्याने जागेवर जाते. परत निसटण्यासाठी मागचा रबरी थर किंचित सैल हवा होता.

अस्थिबंध आणि स्नायू यांच्या बाबतीत मात्र मॉडेल कमी पडते, आणि येथे मला अधिक सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या चुका विद्यार्थ्याच्या मनात घर करतात. बाहेरच्या बाजूचा लॅटरल लिगामेंट हा अस्थिबंध कापडी पट्टीने दाखवला आहे. प्रत्यक्षात त्याचे दोन भाग असतात: बाहेरचा तिरपा भाग कॉन्डाइलच्या मानेकडे जातो आणि आतला आडवा भाग कॉन्डाइलच्या बाहेरच्या टोकाकडे व डिस्ककडे. पुढचे दात एकमेकांपासून साधारण २० ते २५ मिलिमीटर दूर गेले की तिरपा भाग ताणला जातो आणि नुसते फिरणे थांबून सरकणे भाग पडते. आडवा भाग कॉन्डाइलला मागे जाऊ देत नाही आणि मागच्या नाजूक ऊतींचे रक्षण करतो. मॉडेलमध्ये दोन्ही मिळून एकच तिरपी पट्टी आहे. पहिले काम ती करते. दुसरे दिसत नाही.

आतल्या बाजूला स्फेनोमॅन्डिब्युलर लिगामेंट तर मुळी नाहीच. सांध्याच्या हालचालीत त्याचा वाटा फारसा नसला तरी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यासाठी तो महत्त्वाचा आहे. स्फेनॉइडच्या काट्यापासून निघून तो खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूच्या लिंग्युला या लहानशा टोकाला चिकटतो, आणि खालचे दात बधिर करण्याचे इंजेक्शन द्यायचे ते याच परिसरात. पहिल्या वर्षी ज्याने हा अस्थिबंध हाताने चाचपला आहे, त्याला तिसऱ्या वर्षी सुई कोठे न्यायची हे समजणे सोपे जाते. एका कापडी पट्टीचा खर्च वाचवून उत्पादकाने ही संधी घालवली आहे.

जबडा पुढे ओढणाऱ्या लॅटरल टेरिगॉइड स्नायूची चूक अधिक गंभीर आहे. या स्नायूला दोन डोकी असतात. वरचे डोके स्फेनॉइडच्या मोठ्या पंखाच्या खालच्या पृष्ठभागावरून आणि खालचे त्याच हाडाच्या लॅटरल टेरिगॉइड पट्टीच्या बाहेरच्या बाजूवरून निघते, आणि दोन्ही मागे जाऊन कॉन्डाइलच्या मानेवरील खळग्यात बसतात. वरच्या डोक्याचे काही धागे सांध्याच्या आवरणाला आणि डिस्कला मिळतात. मॉडेलमध्ये वरचे रबर पूर्णपणे डिस्कलाच चिकटवले आहे. त्यामुळे ते ओढले की डिस्क एकटी पुढे येते, आणि ‘हा स्नायू आखडला की डिस्क घसरते’ असे सोपे स्पष्टीकरण विद्यार्थी तयार करतात. वरच्या डोक्याचे बहुतेक धागे हाडालाच जातात, त्यामुळे हे स्पष्टीकरण एवढ्या सहज स्वीकारता येत नाही. आम्ही त्या रबराचे टोक सोडवून त्याचा मोठा भाग मानेला आणि एक बारीक पट्टी डिस्कला, असे पुन्हा चिकटवून घेतले. ज्यांना मॉडेल घ्यायचे आहे त्यांनी हे काम पहिल्याच दिवशी करून घ्यावे.

सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेतही एक ठळक चूक आहे: सांध्याच्या पृष्ठभागांवर हायलाइन, म्हणजे काचेसारखी गुळगुळीत, कूर्चा असल्याचे तीत छापले आहे. शरीरातल्या बहुतेक मोठ्या सांध्यांत ती असते, पण येथे कॉन्डाइल आणि उंचवटा दोन्हींवर दाट तंतुमय ऊतींचा आणि तंतुमय कूर्चेचा थर असतो, आणि तो घासले जाण्याचा ताण अधिक चांगला सोसतो. परीक्षेत हमखास विचारला जाणारा हा मुद्दा आहे. आम्ही पुस्तिकेवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली आहे.

या सर्वांहून मोठी मर्यादा मॉडेलच्या रचनेतच आहे. खालचा जबडा हे एकच हाड आहे, म्हणून एका बाजूचा सांधा दुसऱ्याला सोडून हलूच शकत नाही. उजवीकडे चावताना उजवा कॉन्डाइल जवळजवळ जागच्या जागी फिरतो आणि किंचित बाहेर सरकतो, तर डावा पुढे, खाली आणि आतल्या बाजूला येतो. चर्वण म्हणजे मुख्यतः हीच हालचाल, आणि अर्ध्या मॉडेलवर ती दाखवता येत नाही. एका बाजूची डिस्क अडकली असता तोंड उघडताना हनुवटी त्याच बाजूला का वळते, हेही सांगता येत नाही. दुकानदारांकडे डाव्या बाजूची चौकशी केली तेव्हा उत्पादक फक्त उजवी बाजूच बनवतो असे त्यांनी सांगितले. विद्यार्थ्याला स्वतःच्या दोन्ही कानांसमोर बोटे ठेवून जबडा बाजूला हलवायला लावणे, हाच सध्या त्यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे, आणि तो विनामूल्य आहे.

बाह्यरुग्ण विभागात मॉडेलचा उपयोग अपेक्षेपेक्षा अधिक झाला. या सांध्याची संवेदना मुख्यतः खालच्या जबड्याच्या मॅन्डिब्युलर नसेच्या ऑरिक्युलोटेम्पोरल शाखेतून जाते. हीच शाखा कानाच्या नळीच्या आणि कानापुढच्या त्वचेच्या काही भागालाही पुरवठा करते, म्हणून सांधा दुखत असताना रुग्ण कानावर हात ठेवतो. जेम्स कॉस्टन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९३४ साली कानाच्या तक्रारी आणि हा सांधा यांचा संबंध मांडला; दातांच्या ठेवणीवर भर देणारी त्याची कारणमीमांसा पुढे मागे पडली, तरी रुग्णाच्या कानदुखीमागे सांधा असू शकतो हे भान त्यामुळे आले. मॉडेलवर ही नस पिवळ्या दोरीने कॉन्डाइलच्या मानेमागून नेली आहे आणि ती जागा अचूक आहे.

तोंड उघडत नाही म्हणून येणाऱ्या सगळ्यांचा दोष सांध्यात नसतो, हे सांगण्यासाठीही ते उपयोगी पडले. प्रौढ माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते. सुपारी आणि गुटखा खाऊन गालाच्या आतली त्वचा तंतुमय व ताठर झालेल्या रुग्णांत हे अंतर पार कमी होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही असे रुग्ण आमच्याकडे येतच आहेत. मॉडेलवर मोकळा चालणारा सांधा दाखवून, अडचण येथे नाही, गालात आहे, असे सांगितले की व्यसन सोडण्याचा सल्ला अधिक गांभीर्याने ऐकला जातो. जबडा निखळणे, म्हणजे कॉन्डाइल उंचवट्याच्या पुढे जाऊन अडकणे, हेही दाखवता येते. तो परत बसवताना मागच्या दाढांवर अंगठ्यांनी आधी खाली दाब द्यायचा आणि मग मागे लोटायचे, हा क्रम का, ते उंचवट्याकडे पाहताच कळते. फक्त येथली रबरे कमकुवत असल्यामुळे आखडलेल्या मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस या जबडा मिटवणाऱ्या स्नायूंचा खरा जोर हाताला जाणवत नाही.

दुकानाच्या सेवेबद्दल तक्रार नाही. खोके उघडून प्रत्येक भाग दाखवला, रीतसर जीएसटीचे बिल दिले, माल महाविद्यालयात पोहोचता केला, आणि एक खुंटी सैल निघाली ती बिनतक्रार बदलून दिली. मुंबईच्या दमट हवेत रबरी पट्ट्या पावसाळ्यात चिकट होऊ लागतात. त्यांना थोडी टाल्कम पावडर लावून मॉडेल बंद कपाटात ठेवावे आणि सिलिकोनची डिस्क स्पिरिटने न पुसता साबणाच्या पाण्याने धुवावी. सुट्या डिस्क स्वतंत्रपणे मागवता येतात. साधी आणि बिघडलेली, दोन्ही एकेक जास्तीची मॉडेलबरोबरच घ्यावी, कारण मोठ्या तुकडीच्या हाताळणीत सर्वांत आधी फाटते ती डिस्कच.